दोन दारांची गाडी

माहीम, मुंबई
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय उमेश,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "पुण्यात एक जुनी ऑडी टीटी आलीये, अडतीस हजार किलोमीटर झालेली, मालक तेरा लाख म्हणतोय, घेऊ का? हो की नाही, एवढंच सांग." मला तेवढंच सांगता येईना, आणि फोन ठेवल्यावर चैनही पडेना. म्हणून आज सकाळी चहा झाल्याझाल्या लिहायला बसलो. पैशांचा भाग वहिनींनाही वाचायला दे. घरात दोघांना माहीत असल्याशिवाय ही गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सांगलीच्या हॉस्टेलवर तुझ्या कॉटच्या वर मासिकातलं फाडून चिकटवलेलं ते चंदेरी ऑडी टीटीचं चित्र तुला आठवत असेलच. पुढून आणि मागून सारखीच गोल, कासवाच्या पाठीसारखी. १९९८ साली ती बाजारात आली होती, आणि आपल्याकडे महिन्याच्या मेसचे पैसे देताना ओढाताण व्हायची. नंतर जर्मनीत भरधाव जाताना काही टीट्यांचे अपघात झाले आणि ऑडीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर, म्हणजे वेगात गाडीचं बूड जमिनीला दाबून धरणारी पट्टी, बसवून दिला, ही बातमी तूच मला वाचून दाखवली होतीस. माझी टीटी त्याच्या पुढच्या पिढीची. २०१२ साली बनलेली, २०१३चं पासिंग, टू लिटर टर्बो पेट्रोल, २११ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. हिचा स्पॉयलर डिकीच्या झाकणात लपलेला असतो आणि वेग सव्वाशेच्या आसपास गेला की आपोआप वर येतो. आपल्याकडे अटल सेतूवर मर्यादा शंभरची आणि सागरी किनारा मार्गावर ऐंशीची, त्यामुळे माझा कधी आपोआप वर आलेला नाही आणि येऊही नये. पण गिअरजवळ त्याचं एक बटण आहे. महिन्यातून एकदा मी ते दाबतो आणि आरशात बघतो. मोटर कुरकुरते, दोन बोटं उंचीची ती पट्टी हळूच वर येते, आणि मला तुझी कॉट आठवते.

आता मुद्द्याचं. नवी असताना ही गाडी पन्नास लाखांच्या घरात होती. मी २०२४च्या मार्चमध्ये साडेसोळा लाखांना घेतली. तेवढ्या पैशांत आज नवीकोरी मोठी एसयूव्ही येते, हे मला नातेवाइकांनी भरपूर वेळा सांगून झालंय. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या स्पेअर पार्टची किंमत उतरत नाही. पार्ट अजूनही पन्नास लाखांच्या गाडीचेच आहेत. म्हणून मी आधीच चार लाख वेगळे काढून एफडीत ठेवले आणि ते गाडीच्या किमतीतच धरले. म्हणजे माझ्या हिशेबी गाडी साडेवीसची. वीस महिन्यांत त्यातले दोन लाख साठ हजार गेले: टायमिंग चेन, टेन्शनर आणि त्याबरोबर वॉटर पंप मिळून एक लाख पाच हजार, चार टायर अडुसष्ट हजार, गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर चोवीस, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन काढायला बावीस, बाकी बॅटरी, ब्रेक पॅड असं एक्केचाळीस. विमा निराळा. शहरात लिटरला सात-आठ किलोमीटर, तेही ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घालून. तुझे तेरा लाख ताणून आणलेले असतील आणि मागे काही उरत नसेल, तर माझं उत्तर नाही असं आहे. गाडी चांगली निघाली तरी नाहीच.

त्या टेन्शनरबद्दल नीट सांगतो, कारण या इंजिनाचा जीव तिथे आहे. टायमिंग चेन व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखते, आणि तिला ताणून धरणारा हा भाग तेलाच्या दाबावर चालतो. त्या वर्षांतल्या इंजिनांत तो कमजोर होता, कंपनीने पुढे सुधारून दिला. जुना असेल तर रात्रभर उभ्या गाडीत सैल पडतो, आणि सकाळी पहिल्या सेल्फला एक-दोन सेकंद डब्यात खडे हलवावेत तशी खडखड येते. चेन एक-दोन दात सरकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. गरम इंजिनावर हा आवाज लपतो. म्हणून गाडी बघायला सकाळी जा आणि तू येईपर्यंत ती चालू करायची नाही असं मालकाला बजावून ठेव. गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेव. कोमट लागला तर चहा पिऊन परत फीर, दुसऱ्या दिवशी जा. शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावणारा माणूस सोबत ने. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, किती अंशांनी सरकलाय ते आकड्यात दिसतं, त्यावरून चेन किती ताणलीय ते कळतं. गाडी तेल किती पिते तेही विचार. या इंजिनात पिस्टनच्या रिंगांचा त्रास असतो. माझी हजार किलोमीटरला पाव लिटर पिते. तेवढं चालतं.

चुंबक खिशात घालून जाऊ नकोस. आपण लोखंडी गाड्यांवर चुंबक फिरवून लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, कुठे भरलीय ते शोधायचो. या गाडीचं बॉनेट, पुढचे फेंडर, छत अॅल्युमिनिअमचं, आणि दरवाजे, डिकी पोलादाची. पुढे चुंबक चिकटणारच नाही, आणि तू उगाच घाबरशील. दोन्ही धातूंवर रंगाची जाडी मोजणारं पेंट मीटर भाड्याने मिळतं, ते घे. आणि अॅल्युमिनिअमला पोचा पडला तर नेहमीच्या डेंटिंगवाल्याकडे देऊ नकोस. तो पोलादासारखा ठोकतो, पत्रा ताणला जातो आणि पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही.

मी ही घेण्याआधी एक लाल टीटी जवळजवळ घेतलीच होती. उपनगरातल्या एका डीलरकडे होती, पंधराला देत होता, आतून बाहेरून आरशासारखी चकाचक. टोकनचे पंचवीस हजार खिशात होते. माझा मेकॅनिक काही न बोलता ड्रायव्हरच्या बाजूला बसला आणि सीटबेल्ट ओढायला लागला. आपण कधी ओढत नाही इतका, पार शेवटापर्यंत. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती मातकट तपकिरी होती, आणि तिच्यावर एक सरळ रेघ होती. पाणी तिथवर चढलं होतं. गालिचा बदलला होता, सीट धुतल्या होत्या, अत्तर मारलं होतं. बेल्टचं रीळ खांबाच्या आत असतं, तिथे कुणाचा हात पोचला नव्हता. मुंबईची गाडी घेताना हा बेल्ट ओढल्याशिवाय एक रुपया देऊ नये. पुण्याची असली तरी ओढ. गाड्या कुठून कुठे जातात काही सांगता येत नाही. दिल्ली पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात त्याचंही कारण आहे. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर कोर्टाने बंदी आणली होती, म्हणून लोक आधीच काढून टाकायला लागले. इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि किमतीतला फरक त्यात जातो.

पुण्याची गाडी तुझ्या नावावर करणं त्या मानाने सोपं. राज्य तेच, म्हणून टॅक्स पुन्हा नाही. पण आरटीओ बदलतो, तेव्हा फॉर्म २८ची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागते का ते आरटीओत विचारून घे. मालकी बदलायच्या फॉर्म २९, ३०वर सह्या लागतील. मालकाने कर्ज काढलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. थकलेली ई-चलानं त्याच्याकडूनच भरून घे. आणि एक: त्याचा नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, त्याचाच, गाडीबरोबर तुला मिळत नाही. तेव्हा विम्याचा हिशेब नव्याने कर.

अडतीस हजार किलोमीटर हा आकडा ऐकून तू हरखलायस. मी नाही. तेरा वर्षांत अडतीस म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभीच होती, आणि उभ्या गाडीचे रबरी पाइप, सील वाळतात. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतंय, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. माझे सगळे पाइप मी मुद्दाम तपासून घेतले. आकडा खरा आहे का तेही बघ. ड्रायव्हर सीटचा दाराकडचा काठ बघ. इतक्या खाली बसताना प्रत्येक वेळी अंग तिथे घासतं. काठ झिजलाय आणि मीटर अडतीस दाखवतंय, तर समजून घे. माझी घेतली तेव्हा एकाहत्तर हजार झाली होती, पण पहिल्या मालकाने प्रत्येक बिल फाइलला लावून ठेवलं होतं, साठ हजार किलोमीटरला गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचं सोडून. ते एक राहून गेलेलं मला कळलं ते बाबांमुळे.

बाबांना मी तिसऱ्या दिवशी फिरवून आणलं. तुला माहीतच आहे, बेस्टमध्ये एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी. बसच्या त्या उंच सीटवर बसलेला माणूस. या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर. गुडघा दुखतो, म्हणून आधी पाठमोरे होऊन सीटवर टेकले, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. दार लावल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. वांद्र्याहून सी लिंकवर चढलो, पुढे वरळीहून किनारा मार्ग. बोगद्यात साठच्या मर्यादेत इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येत होता. मला वाटलं, आता म्हणतील, काय हे पैसे घातलेस. मरीन ड्राइव्हच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "दुसऱ्यातून पहिल्यावर येताना धक्का देते रे. तेल बघ तिचं." मला तो धक्का जाणवलाच नव्हता. मेकॅनिकने बिलं तपासली, ऑइल काढलं, काळं शाई झालेलं. बदलल्यावर धक्का गेला. तेव्हापासून, भर पावसाळा सोडला तर, दर रविवारी पुढची सीट त्यांची. यंदा ऑगस्टपासून किनारा मार्ग चोवीस तास उघडा असतो, त्यामुळे आम्ही साडेपाचला निघतो. कधी एक शब्दही न बोलता जाऊन येतो. आई गेल्यापासून ते घरात कुणाशी फारसं बोलत नव्हते. आता शनिवारी रात्री मला विचारतात, "हवा भरलीस?"

अडचणीही लपवत नाही. दोन दारांची गाडी म्हणजे दार लांब. आमच्या सोसायटीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची गाडी. दार निम्मंही उघडत नाही. मी खांबाला फोमची पट्टी लावून घेतलीय, आणि बाबांना बसवायचं असेल तर गाडी आधी बाहेर काढतो. पोट इतकं खाली आहे की गेटच्या चढावर गाडी तिरकी घ्यावी लागते, एकेक चाक चढवत. मागची सीट नावाला आहे. आमची मृण्मयी बसायची, आता तिचं डोकं छताला लागतं. आणि पावसाळा! पुढच्या गाडीच्या टायरच्या निम्म्यापर्यंत पाणी दिसलं की मी वळतो, मग कितीही उशीर होवो. इंजिनाने पाणी ओढलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक झाकूनच असते. आठवड्यातून एकदा खाली जाऊन पंधरा मिनिटं चालू ठेवतो. वॉचमनने एकदा विचारलंसुद्धा, साहेब, जायचं नसताना चालू का करता?

तुझ्याकडे जागा आहे, दारात उतार नाही, गगनबावड्याचा घाट तासाभरावर आहे. गाडीचं सुख तुला माझ्यापेक्षा जास्त मिळेल, हे मी मनापासून म्हणतो. मेकॅनिक मात्र लांब. पुण्यात कुणाला दाखवणार, ते आधी ठरव आणि मग गाडी बघायला जा.

मला विचारशील तर, टोकन अजून देऊ नकोस. पुढच्या शनिवारी महालक्ष्मीने ये, दादरला उतर, मी स्टेशनबाहेर गाडी घेऊन उभा असेन. दोन दिवस माझी चालव. मग सोमवारी पहाटे आपण दोघं हिच्यातूनच पुण्याला जाऊ, मालकाने सेल्फ मारायच्या आत. स्कॅनरवाल्याशी मी बोलून ठेवलंय. डिकी लहान आहे, एकच बॅग आण. आणि रविवारी पुढची सीट बाबांची असते हे लक्षात ठेव. तेवढ्या फेरीला तू गाडी चालव, मी घरी थांबून पोहे करतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास