रेंगीला रेंगीच म्हणा

गेल्या रविवारच्या पुरवणीत कापूसवेचणी, डवरणी (म्हणजे कोळपणी), बैलबंडी आणि रेंगी यांची पेन्सिल रेखाटने छापलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बंडीच्या चाकावर माझी नजर बराच वेळ खिळली. बारा आरे, मधला तुंबा, वर लोखंडी धाव. एकही सांधा चुकलेला नाही. धाव लालभडक तापवून लाकडावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात, म्हणजे ती आवळून बसते. तो आवळलेपणाही रेषेत उतरला आहे.

मात्र चित्रांखालच्या ओळी खटकल्या. डवऱ्याखाली नुसते 'शेतीचे अवजार' आणि रेंगीखाली 'बैलगाडी'! माल वाहते ती बंडी. माणसांना लग्नाला, जत्रेला नेणारी हलकी, चपळ ती रेंगी. आमच्या दारव्ह्यावरून पूर्वी धावणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये थांबले, पण त्याची नोंद आहे, छायाचित्रे आहेत. रेंगीचे तसे नाही. ती गावातून गेली की तिच्या भागांची नावेही जातील.

पुढच्या रेखाटनांखाली वऱ्हाडी नावे छापावीत, ही विनंती. ती सांगणारे म्हातारे सुतार-लोहार अजून आमच्याकडे आहेत.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ