उद्यानाचा आराखडा आधी फाटकावर लावा

महोदय,

आमच्या प्रभागातील उद्यानाच्या नूतनीकरणासाठी 'नागरिकांच्या सूचना' मागवणारी बैठक नुकतीच झाली. वेळ मंगळवारी सकाळी अकराची, ठिकाण क्षेत्रीय कार्यालय. साहजिकच आम्ही निवृत्त मंडळीच तेवढी पोचलो. पडद्यावर रंगीत चित्र तयारच होते: कारंजे, सेल्फी पॉइंट, चालण्यासाठी रुंद ट्रॅक. कारंज्याचे दिवे रंग बदलणारे असावेत का, यावर बराच वेळ खल झाला. सूचना म्हणजे बहुधा एवढेच अपेक्षित होते.

या बागेत दुपारी धुणीभांडी करणाऱ्या बायका दोन घरांच्या कामांमध्ये करंजाखालच्या पारावर डबा खातात. त्यांना कोणी विचारले? चित्रात तो पारच नाही, त्यावरून ट्रॅक गेला आहे. स्वच्छतागृह आजही आहे, पण त्याला कुलूप, किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार दुपारी जेवायला घरी. यासाठी नवे बांधकाम नको, एक माणूस जास्त हवा. खुल्या व्यायामशाळेतील सायकलचे पॅडल निखळले, तिथे कुणीतरी लाकडी ठोकळा सुतळीने बांधला आहे. नवीन वस्तू बसवायला निधी मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही, हे दुखणे जुनेच. मग कारंजे तरी किती दिवस उडणार? कामाच्या फलकावर रक्कम आणि ठेकेदाराच्या नावासोबत दोष दायित्व कालावधीही (ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत) ठळक लिहावा, म्हणजे बिघाड झाल्यावर कोणाला धरायचे ते कळेल.

झाडांचेही तेच. चित्रात पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यांना भिडले आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील प्रकरणात बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगितले होते. आपल्याकडे मात्र आधी फरशी घालायची आणि पावसाळ्यात झाड कोसळले की वाऱ्याला दोष द्यायचा.

लोकांना विचारणे अवघड नाही. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवणारे अर्ज घेतले जातात. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, पण निदान पैसा ठरण्याआधी विचारण्याची पद्धत आहे. महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या-त्या भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद होऊनही बरीच वर्षे उलटली, ती आम्ही अजून कागदावरच पाहतो.

माझी मागणी साधी आहे. आराखडा खर्चासह, मराठीत, बागेच्या फाटकावर लावा. पुढची बैठक रविवारी संध्याकाळी बागेतच घ्या आणि दुपारी येणाऱ्या बायकांशी बोलायला एक अधिकारी दुपारीच पाठवा. कोणती सूचना का नाकारली, तेही लिहून कळवा. हे सारे निविदा निघण्याआधी व्हावे. सूचनांची मुदत येत्या शनिवारी संपते आहे, ती किमान पंधरा दिवसांनी वाढवावी.

– एक ज्येष्ठ नागरिक