त्या रात्री माझ्या आईचे पाय धुणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर दोनदा कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे तुमच्या सरकारी दवाखान्यात, येऊन गेलो. एकदा तुमची ड्यूटी बदललेली होती, आणि एकदा अपघात विभागात एवढी गर्दी होती की कुणाला थांबवून विचारायचा धीर झाला नाही. म्हणून हे उघड लिहितोय. तुमच्याबरोबर काम करणारं कुणी वाचलं तर तुम्हाला दाखवेल, एवढीच आशा.

जुलैतली संध्याकाळ होती. गगनबावडा रस्त्याला आमची थोडी भातशेती आहे. पावसाची रिपरिप चालू होती, रोपलावण शेवटच्या वाफ्यावर आली होती. आई पेंडी घ्यायला बांधावर चढली आणि गवतात घोणस होती. घोट्याच्या वर दोन दात लागले. मी पहिली पाळी करून शिरोलीहून नुकताच आलो होतो. आईला तशीच, इरल्यासकट, चुलतभावाच्या गाडीत घातली.

त्यानंतरचा दीड तास आठवला की अजून हात कापतात. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पैसे घेतले आणि "शहरात न्या" म्हणाले. शहरात जो मोठा दवाखाना आधी लागला, तिथं दारातच अडवलं. आत काउंटरवर आधी डिपॉझिट मागितलं, तेही रोख. मी एटीएम शोधायला पळालो. तेवढ्यात दारावरच्या माणसानं आईकडं बघून म्हटलं, "फरशी आत्ताच पुसलीय, चिखलाच्या पायांनी आत आणू नका." आई गाडीच्या दारात बसून होती, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं, आणि ती पदरानं पाय झाकत होती. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, कागदपत्रं आणि बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगून ठेवलंय, दवाखाना सरकारी असो वा खासगी. मला ते नंतर एका वकील मित्राकडून कळलं. त्या रात्री मला एवढंच कळत होतं की आई जातीय आणि समोरचा माणूस फरशी बघतोय.

चुलतभाऊ म्हणाला, "थोरल्या दवाखान्यात चल." म्हातारी माणसं अजून सीपीआरला थोरला दवाखानाच म्हणतात. त्या दिवशी मला त्या शब्दाचा अर्थ कळला.

तुम्ही स्ट्रेचरजवळ आलात तेव्हा केसपेपर झाला नव्हता. तुम्ही आधी आईचा हात धरलात, मग मला विचारलंत, किती वाजता चावलं, पायाला कुणी काही बांधलंय का. भावकीतल्या कुणीतरी मांडीला सुतळी आवळली होती. तुम्ही रागावला नाहीत. "पुढच्या वेळी कुणालाच बांधू देऊ नका, पाय हलवायचा नाही एवढंच बघायचं," एवढंच म्हणालात. डॉक्टर आले, त्यांच्या देखरेखीखाली ती सुतळी हळूहळू सुटली. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील ते, पण आवाजात घाई नव्हती. त्यांचेही आभार.

मग तुम्ही काचेच्या नळीत आईचं थोडं रक्त घेतलंत, नळी टेबलावर उभी ठेवलीत आणि मला म्हणालात, "दादा, घड्याळ बघा. २० मिनिटं या नळीला कुणी हात लावायचा नाही."

त्या २० मिनिटांबद्दलच मला लिहायचं होतं.

आई सारखी पाय पोटाशी घेऊ बघत होती. "बाई, चादर खराब हुतीया. माझं पाय चिखलाचं हाईत. धुऊन आलो असतो, पर वेळच मिळंना." विष अंगात होतं आणि तिला लाज चादरीची वाटत होती. तासाभरापूर्वी तिला जे ऐकायला लागलं होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "मावशी, चादर धुता येती. तुम्ही पाय हलवू नकासा." आणि भांड्यात कोमट पाणी घेऊन आलात. दंशाच्या जागेला धक्का न लावता, कापसाच्या बोळ्यानं तो सुजलेला पाय पुसलात. मला वाटलं, झालं. तुम्ही दुसरा पाय घेतलात. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, बोटांच्या बेचक्यात अडकलेलं भाताचं एक रोप, टाचांच्या भेगांत गेलेली काळी माती. एकेक बोट उघडून पुसत होता. ते रोप तुम्ही टाकलं नाहीत, बाजूला ट्रेमध्ये ठेवलंत. मी म्हणालो, "सिस्टर, त्या पायाला काही झालेलं नाही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग काय एकच पाय धुवायचा?"

आई रडली. चावल्यापासून पहिल्यांदा रडली.

२० मिनिटांनी नळी तिरकी केलीत तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. लगेच सलाईनमधून सर्पदंशावरची लस सुरू झाली. सहा तासांनी, पहाटे, पुन्हा नळी भरली, पुन्हा मी घड्याळ बघत बसलो. या वेळी तुम्ही नळी उलटी केलीत आणि रक्त तळाला घट्ट धरून राहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त नळी माझ्यासमोर धरलीत. घरच्या देवाला नमस्कार करावा तसा मी त्या नळीला केला.

उजाडल्यावर चहाला बाहेर भाऊसिंगजी रोडवर आलो. आमचे आजोबा सांगायचे, याच रस्त्यावर गंगाराम कांबळेंचं चहाचं हॉटेल होतं, आणि ज्या काळात त्यांच्या हातचं पाणी लोकांना चालत नव्हतं त्या काळात शाहू महाराज तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे. लहानपणी ही गोष्ट ऐकून मी विचारलं होतं, एका कपाचं एवढं काय? त्या सकाळी हातात कप धरून उभा होतो आणि तुम्ही धुतलेला तो दुसरा पाय डोळ्यांसमोरून हलत नव्हता. समोरच्याला न सांगता त्याची लाज काढून घ्यायची, हे फार थोड्या माणसांना जमतं. पदवीनं येत नाही, पगारानं येत नाही. तुमच्या त्या विभागात एका खाटेला दोन-दोन माणसं वाट बघत होती, कुणी ओरडत होतं, कुणी शिव्या घालत होतं, आणि त्यात तुम्ही एका अनोळखी बाईच्या टाचांच्या भेगा पुसत होता.

आई आता बरी आहे. किडनीचे रिपोर्ट चांगले आलेत. लावणीचा राहिलेला वाफा भावकीनं पुरा केला. पाय अजून संध्याकाळी जरा सुजतो, पण बांधावर जाते, आता गमबूट घालून, हातात काठी घेऊन.

ट्रेमधलं ते रोप तिनं डिस्चार्जच्या दिवशी मागून घेतलं होतं. वाळून गेलं होतं, तरी घरी आणून वाफ्याच्या कडेला खोचलं. ते काही जगलं नाही. बाकीची इंद्रायणी मात्र चांगली आलीय. दिवाळीच्या आसपास कापणी होईल. नवा तांदूळ तुम्हाला द्यायचा असं आईनं ठरवलंय आणि ती रोज मला एकच विचारते, "त्या बाईचं नाव काय रं?"

कृपा करून कळवा.

तुमचा,
घड्याळ बघत बसलेला दादा