पाटीवर काय लिहायचं

नाशिक रोड, 8 मार्च

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

माहितीपत्रकाचा मजकूर वाचला. 'पंचवीस वर्षांचा विश्वास' आणि 'ग्राहकहित हेच ब्रीद' या दोन ओळी मी खोडल्यात. असली ब्रीदं मेन रोडवरच्या भांड्यांच्या दुकानातही लावलेली असतात.

पाटीवर 'आर्थिक सल्लागार' लिहायचं म्हणतेस, तेही नको. तू परीक्षा दिलीस म्युच्युअल फंड वितरकाची, म्हणजे फंड विकणाऱ्याची. सल्लागार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तशी नोंदणी करतो आणि ग्राहकाकडून फी घेतो. आपल्याला कमिशन फंड कंपनी देते. 2020 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून वितरकाला ते नाव लावता येत नाही. कॉलेज रोडवर 'म्युच्युअल फंड वितरक' शोभत नसेल, नसू दे. आत येणाऱ्याला निदान कळेल आपलं घर कशावर चालतं ते. 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आहेत, त्यांत वितरकाचं कमिशन नसतं, हेही तूच सांग. ऐकून काही जण उठून जातील. माझेही गेले.

माझी सुरुवात तुला अर्धवटच माहीत आहे. पोस्टाची आरडी, म्हणजे दरमहा भरायची ठेव, गोळा करत नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये फिरायचे. शंभरामागे चार रुपये कमिशन. बहुतेक खाती पंधरा तारखेच्या आत भरावी लागायची, नाहीतर दंड. त्यामुळे दहा ते पंधरा या दिवसांत घरात स्वयंपाक तुझी आजी करायची. दिवसभर कोऱ्या नोटांत वावरणाऱ्या माणसाच्या घरी वीस तारखेनंतर शंभराची नोट निघत नसे. एक वहिनी पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरचुंडी काढायच्या. कार्डावर सही करता करता हळूच म्हणायच्या, "ह्यांना कळू देऊ नका हं ताई." पोस्टाच्या खिडकीपाशी त्या नोटा झटकल्या की माझ्या साडीवर पीठ पडायचं. कुठल्या घरात पैसा कधी येतो आणि कधी संपतो, हे मला तोंडपाठ होतं.

आणि तेच मी 2011 च्या मार्चमध्ये विसरले. तोवर विम्याची एजन्सीही घेतली होती. दिंडोरीकडचे आप्पा द्राक्षांच्या पैशांचा चेक वटवून थेट आपल्याकडे आले. मी त्यांना युलिप विकलं, विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, वर्षाला एक लाखाची. टॅक्स वाचेल, असं मीच म्हणाले. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नसतो, ते मला माहीत होतं गं! पण महिनाअखेर होती, टार्गेट होतं, आणि सगळ्यांसमोर म्हणायचं वाक्य तोंडात बसलेलं होतं. तुझी निळी सायकल त्याच कमिशनची.

तीन हप्ते त्यांनी भरले. 2014 च्या मार्चमध्ये गारपीट झाली, काढणीला आलेले घड मातीत गेले. चौथा हप्ता राहू दे, एप्रिलच्या खरड छाटणीच्या मजुरीलाही पैसे नव्हते. ते माझ्याकडे आले तेव्हा मला सांगावं लागलं की पाच वर्षांचा लॉक-इन आहे, 2016 शिवाय हातात काही येणार नाही. ते भांडले नाहीत. पाणी पिऊन गेले. बागेसाठी त्यांनी काकूंच्या पाटल्या मोडल्या, हे मला काकूंकडूनच कळलं, तेही वर्षभराने.

आता त्यांचं काम मी कसं करते ते बघून ठेव. एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरणं, त्यांच्या गळ्यात मारत नाही. बागायतदाराचा पगार वर्षातून एकदा, आणि तोही व्यापाऱ्याने बुडवला नाही तर. माल गेला की आधी एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन्ही छाटण्यांचा, औषधांचा, मजुरीचा खर्च लिहून काढतो. तेवढे पैसे लिक्विड फंडात, लागतील तेव्हा काढता येतात. गावच्या सोसायटीचं शेतीकर्ज त्याआधी. मग उरलं तर इक्विटीचं, म्हणजे शेअर्सच्या फंडांचं, बोलायचं, आणि काही वर्षी उरतच नाही. त्या वर्षी मला फारसं काही मिळत नाही, चहा मात्र दोनदा होतो.

तुझ्या फॉर्ममध्ये 'मासिक उत्पन्न' असा एकच रकाना आहे. तो काढ. त्या जागी बारा महिने छाप, प्रत्येकापुढे आलेले आणि गेलेले असे दोन चौकोन. पान वाढेल, छपाईचा खर्च मी देते.

माझ्याबद्दल छापायचंच असेल तर आप्पांची गोष्ट छाप, नाव न घालता. मी त्यांना विचारलंय. म्हणाले, "छापा की, पण सायकलचं नका लिहू, पोरीला वाईट वाटेल." ते मीच तुला सांगितलं.

थॉमसन द्राक्षांची पेटी आलीय त्यांच्याकडून. रविवारी ये, उशीर केलास तर बाबा शिल्लक ठेवणार नाहीत.

तुझी,
आई