सातपूरच्या काकांना, हात धुतल्याबद्दल

ती. काका,
सा. नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. तुमच्या गल्लीतल्या लोकांना कळायचं ते कळेलच.

काल रात्री विजेनं कार्बन डायऑक्साइड फोडणाऱ्या आमच्या सेलनं, म्हणजे इलेक्ट्रोलायझरनं, ७२ तास पूर्ण केले. गळती नाही, व्होल्टेज जागचं हललं नाही, भिंतीवरचा गॅस डिटेक्टर शून्यावर. शेडमध्ये मी एकटीच होते. पहिला फोन तुम्हालाच करावासा वाटला, पण साडेअकरा वाजून गेले होते. रात्रभर मनात घोळलं ते आता लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधीचे आठ महिने मी सेलच्या प्लेटा करून घ्यायला नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीतले उंबरठे झिजवत होते. एका ठिकाणी ॲडव्हान्स घेतला, दोन महिने ताटकळत ठेवलं आणि हातात दिल्या त्या प्लेटा काचेवर ठेवल्या तर डुलत होत्या. दाखवलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, एवढं चालतं.” दुसऱ्या ठिकाणी ड्रॉइंग उघडायच्या आधी विचारलं, “सोबत कोणी सर नाही आले का?” तिसऱ्यांनी दोनच नगांसाठी मशीन लावणार नाही म्हणून सांगितलं. ते निदान खरं बोलले, त्यांच्यावर माझा राग नाही. पण पहिल्या दोघांची आठवण आली की आजही घशाशी येतं. माझ्या वडिलांच्या पैशांतून तो ॲडव्हान्स गेला होता.

तुम्ही मापं विचारली नाहीत. आधी विचारलंत, “हे करतं काय?” मी सांगितलं की एका बाजूनं कार्बन डायऑक्साइड सोडायचा, दुसऱ्या बाजूनं पाणी, मध्ये कागदासारखा पातळ पडदा, म्हणजे मेंब्रेन, आणि तिला लागून चांदीचा थर दिलेला कार्बन पेपर. वीज दिली की कार्बन डायऑक्साइडमधला एक ऑक्सिजन सुटतो आणि कार्बन मोनॉक्साइड उरतो. त्यात हायड्रोजन मिसळला की पुढे मिथेनॉल करता येतं, इंधन करता येतं. तुम्ही लगेच म्हणालात, “गॅस गीझरच्या बातम्यांत असतो तोच ना हा? बंद बाथरूममधला?” हो, तोच. वास नाही, रंग नाही. त्यानंतर गॅस्केटच्या खाचेवरून तुमचं बोट तीनदा फिरलं. सीलिंग कशाला एवढं जपायचं, हे मला परत सांगावं लागलं नाही.

मग विचारलंत, “आणि हा कार्बन डायऑक्साइड आणणार कुठून? एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमणीतून?” त्या धुरात तो थोडाच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. पण आपल्याकडे द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा जवळपास शुद्ध वायू निघतो, लिटरभर वाइनमागे शंभरेक ग्रॅम, आणि तो नुसता हवेत जातो. हे ऐकून तुम्ही खुर्ची पुढे ओढून घेतलीत. माझ्या कामाचं ऐकून कोणी खुर्ची पुढे ओढल्याचं मला तरी आठवत नाही.

पण हे पत्र लिहायला बसले ते त्याच्या नंतरच्या पाच मिनिटांसाठी.

बोलता बोलता मी एवढंच म्हटलं होतं की लोखंडाचा बारीकसा कण जरी चांदीच्या थरावर बसला, तरी तिथे आपल्याला हव्या त्या वायूऐवजी हायड्रोजन सुटायला लागतो. मी सेल उघडायला घेतला आणि तुम्ही म्हणालात, “थांबा ताई.” मागच्या नळावर गेलात. निळ्या साबणाच्या वडीनं कोपरापर्यंत हात धुतलेत. काडी घेऊन एकेका नखातलं काळं काढलंत, परत धुतलेत. मग तुमच्या जेवणाच्या डब्याभोवतीचा पांढरा रुमाल सोडलात, दारात जाऊन झटकलात, सरफेस प्लेटवर अंथरलात आणि म्हणालात, “आता ठेवा.”

त्या आधी किती जणांनी तेलकट अंगठ्यानं माझी मेंब्रेन दाबून बघितली होती! मी “नको, नको” म्हणत राहायचे आणि ते हसायचे. त्या दिवशी मी तोंड फिरवून बॅगेत काहीतरी शोधत राहिले, तुमच्या लक्षात आलं असेल.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बिलबुकातला कार्बन पेपर पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही प्लेटांमध्ये घातलात, बोल्ट आवळलेत, परत सोडलेत. कागदावर चारही कडा गडद निळ्या आणि मधोमध पाणीपुरीतल्या पुरीएवढा गोल कोरा. “प्लेट वाकतेय ताई. बोल्ट कडेला, पोट मोकळं.” मी आठ महिने उत्प्रेरक, म्हणजे तो चांदीचा थर, बदलत होते. कडेला दाब जास्त पडून सेलमधल्या कार्बन पेपरची छिद्रं चेपत होती, तिथे पाणी भरत होतं. मध्ये नीट टेकतच नव्हतं, म्हणून व्होल्टेज चढत होतं. जपानच्या योशिओ होरी यांनी १९८०च्या दशकात तांबं, चांदी असे धातू एकेक करून तपासले, तेव्हापासून उत्प्रेरकांवर ढिगानं लिहिलं गेलंय. बोल्ट कुठल्या क्रमानं आवळायचा, हे मला एका बिलबुकानं शिकवलं.

हे एका सेलचं झालं. आमचा सेल १०० चौरस सेंटिमीटरचा. २० अँपिअरवर, सगळी वीज सत्कारणी लागली तरी, तो तासाला १० ग्रॅमच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड देतो. दिवसाला टनभर काढायचा तर असे जवळपास ४,००० सेल लागतील, किंवा याहून खूप मोठे सेल एकावर एक रचून. सगळ्यांतून वीज एकच वाहणार. थरातली एक प्लेट वाकडी निघाली की अख्खी रास उघडावी लागेल. म्हणून तर “एवढं चालतं” हे वाक्य मला सहन होत नाही. आणि म्हणून तुमच्यासारखा माणूस या शहरात असणं ही माझ्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेइतकीच गोष्ट आहे.

बिलात तुम्ही फक्त ग्राइंडिंगचे पैसे लावलेत. दोन संध्याकाळी थांबलात त्याचं काय, असं विचारलं तर म्हणालात, “मीपण शिकलोच की.” ते ऐकून वडील गप्प झाले आणि मग म्हणाले, त्यांना एकदा घरी जेवायला बोलाव. काका, दुसऱ्याचं काम आपल्याला पुरतं कळत नसतानाही त्याला जपून हात लावणारी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या मुली परत ड्रॉइंग काढायला बसतात. पैसे, मशीन, ओळखी यांचं बघता येतं कसंतरी. हे मात्र कुठे मागून मिळत नाही.

तो निळ्या कडांचा कागद मी टेबलासमोर भिंतीला लावलाय. शेजारी दुसरा, नवीन जाड प्लेटांचा, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा निळा.

पुढच्या आठवड्यात ४०० चौरस सेंटिमीटरच्या सेलचं ड्रॉइंग घेऊन येते. बाकी सगळी मापं टाकली आहेत. एंड प्लेटच्या, म्हणजे बोल्टनं आवळायच्या बाहेरच्या प्लेटच्या, जाडीचा रकाना तेवढा तुमच्यासाठी कोरा ठेवलाय.

तुमची,
इलेक्ट्रोलायझरवाली ताई