गांजा ओढणाऱ्याला तुरुंग नको, पण गांजाचे दुकानही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गांजाला कायद्याची मान्यता द्यावी, ही मागणी आता महानगरांपुरती राहिलेली नाही. आमच्या लातूरमध्ये बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी खोली करून राहणारी मुलेही ती करू लागली आहेत. सोयाबीनचा भाव पडला की "मग आम्हाला गांजा तरी लावू द्या" असे म्हणणारा शेतकरीही गावोगाव भेटतो. कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर शिकवलेला माणूस म्हणून या विषयावर मला काही मांडायचे आहे.

स्वातंत्र्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या घरात, कुणाला त्रास न देता काय करावे यात सरकारने किती डोकवावे, हा प्रश्न रास्तच आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क मानल्यापासून तर तो अधिकच ठामपणे विचारला जातो. आजच्या कायद्यात विसंगतीही आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने झाडाचा फुलोरा आणि राळ, म्हणजे गांजा आणि चरस, गुन्ह्यात घातले. त्याच झाडाची नुसती पाने मात्र वगळली, म्हणून काही राज्यांत भांग सरकारी परवान्याच्या दुकानातून विकली जाते. गांजाचे सेवन केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जवळ एक किलोपर्यंत माल सापडला, तर कैद एक वर्षापर्यंत जाते.

या शिक्षेने काय साधते, ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या हाताखाली शिकलेला, औसा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा एक मुलगा खिशातल्या छोट्या पुडीपायी पकडला गेला. त्याची आई माझ्याकडे सल्ला विचारायला आली, तेव्हा आडतीवरची सोयाबीनच्या विक्रीची हिशेबपट्टी तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. ती उलगडून यातले वकिलाला किती गेले आणि जाण्यायेण्यात किती गेले, हे ती मला बोटाने दाखवत होती. त्या खर्चात उपचाराचा एक रुपया नव्हता. मुलगा जामिनावर सुटला, तारखा सुरू झाल्या, लागत आलेली नोकरी गेली आणि गांजा सुटला नाही तो नाहीच. याच कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. त्या माउलीला हे कोणीही सांगितले नव्हते. ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवणे थांबवा, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे तो यामुळेच.

पण तेथून "गांजाची दुकाने उघडा" या मागणीपर्यंत मी जाऊ शकत नाही.

गांजा निरुपद्रवी आहे, हे वाक्य तरुणांच्या तोंडी मी सर्रास ऐकतो. गांजाच्या अतिसेवनाने दारू किंवा हेरॉइनसारखा थेट मृत्यू सहसा होत नाही, हे खरे. पण मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि त्या वयात नियमित ओढणाऱ्याची स्मरणशक्ती व एकाग्रता खालावते. तीव्र प्रतीचा गांजा रोज ओढणाऱ्यांमध्ये भास-भ्रमाच्या मानसिक आजाराचा धोका वाढतो आणि घरात अशा आजाराची पार्श्वभूमी असेल, तर तो आणखी वाढतो. शिवाय मठातल्या चिलमीचा जुना गांजा आणि नशेचा अंश मुद्दाम वाढवलेले आजचे वाण एकच समजणे चुकीचे आहे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतात आणि त्यांतील सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज आहे.

ही मदत मराठवाड्यात कुठे मिळते? राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जालन्याला पाचवे मंजूर झाले आहे; पण किनवट किंवा भूमच्या माणसाला आजही मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडवून शहर गाठावे लागते. पोर्तुगालने २००१ मध्ये वैयक्तिक वापर गुन्ह्याच्या कक्षेतून काढला, तेव्हा पकडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी आरोग्य आणि समाजकार्यातील जाणकारांच्या आयोगापुढे नेण्याची व्यवस्था उभी केली आणि उपचारांवर खर्च केला. विक्रीला मात्र तिथेही परवानगी नाही. उलट थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. पुरेसे नियम होण्याआधीच दुकाने फोफावली आणि जून २०२५ मध्ये वैद्यकीय चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई करण्याची वेळ आली.

कॅनडाप्रमाणे वयाची अट घालून विक्री करता येईल, असे काही जण सुचवतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शाळेजवळच्या टपरीवर तो मिळतो, हे आपण रोज पाहतो. देशी-विदेशी दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे. ती कोणत्या ढाब्यावर कोणी विचारली, हे मला एखाद्या वाचकाने सांगावे. जी यंत्रणा हे दोन नियम पाळून घेऊ शकत नाही, तिच्या भरवशावर सतरा वर्षांच्या मुलांच्या वसतिगृहाशेजारी तिसरे दुकान उघडायला मी तयार नाही.

"दारू चालते, मग गांजा का नको?" या प्रश्नाचे उत्तर तर दारूनेच दिले आहे. सरकारला एकदा महसुलाची चटक लागली की दुकान बंद करणे किती जड जाते, हे आडव्या बाटलीसाठी मतदान घडवून आणणाऱ्या बायकांना विचारावे. गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी विरोधात मत दिले, तरच दुकान हटते. म्हणजे मजुरीला गेलेली किंवा ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली बाई मतदानाला आली नाही, तर तिचे न आलेले मत दुकानाच्या पथ्यावर पडते. पिणाऱ्याच्या स्वातंत्र्याची किंमत याच बायका मोजतात. जिथे घरातल्या एका कमावत्या माणसावर पाच जणांचे पोट आहे, तिथे "माझे शरीर, माझा निर्णय" एवढ्यावर हा विषय संपत नाही. औषधी कारण वगळता आरोग्यास अपायकारक अमली पदार्थांच्या सेवनास बंदी आणण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, हे राज्यघटनेचे ४७ वे कलमही सांगते.

शेतकऱ्यांची आशाही मला फसवी वाटते. कॅनडात हा धंदा मोठ्या प्रमाणात भांडवली कंपन्यांकडे गेला. प्रयोगशाळेची तपासणी, कुंपण, पहारा आणि परवाना शुल्क परवडणारा लागवडदार तीन एकरवाला कोरडवाहू शेतकरी नसतो. धागा आणि बियांसाठी नशेचा अंश नगण्य असलेल्या वाणांची लागवड ही वेगळी बाब आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तिला परवाना दिला आणि कृषी विद्यापीठाने मराठवाड्यात तिची चाचणी घ्यायला माझी हरकत नाही. औषधी वापरावरील संशोधनालाही नाही.

माझी मागणी एवढीच आहे, की स्वतःच्या वापरापुरता गांजा बाळगणाऱ्याची कैदेची शिक्षा संसदेने काढावी. तोपर्यंत अशा प्रत्येक प्रकरणात आरोपीला आणि त्याच्या घरच्यांना कलम ६४अ ची माहिती मराठीत, लेखी देण्याचे पोलिस ठाण्यांवर बंधन घालावे आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सरकारी व्यसनमुक्ती कक्ष पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञासह चालवावेत. विक्रीच्या परवान्याची चर्चा त्याआधी होऊ नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, लातूर