घरी गेल्यावरच कळतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मिरजेत ३१ वर्षं फॅमिली डॉक्टर आहे. दुपारी दवाखाना बंद केला की बॅग घेऊन तीन-चार घरी जातो. दिवसातलं हे काम मला सगळ्यात प्रिय.

ब्राह्मणपुरीतल्या एका आजींची साखर काही केल्या उतरेना. दवाखान्यात मी दोनदा डोस वाढवला होता. घरी गेलो, फ्रीज उघडायला सांगितला, तर इन्शुलिन फ्रीजरमध्ये, बर्फाच्या भांड्याला चिकटून! एकदा गोठलं की ते निकामी. ते २ ते ८ अंशांत, खालच्या कप्प्यात ठेवायचं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी होती.

दुसऱ्या घरी अर्धांगवायूचे आजोबा. पाठीला जखम होऊ नये म्हणून सूनबाई रात्रीसुद्धा दर दोन तासांनी त्यांची कूस बदलतात. तिथे मी आजोबांच्या आधी सूनबाईंचा रक्तदाब बघतो. चहा झाल्याशिवाय मला उठू देत नाहीत.

केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण आणलं. तिथे पंचायतींच्या मदतीने परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. आपल्या महापालिकांनी एका वॉर्डापासून तरी अशी सुरुवात करावी. नव्या परिचारिकांना घरोघरी सोबत न्यायला मी आठवड्यातल्या दोन दुपारी मोफत देईन.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, मिरज